वेदना थांबल्यावर

वैद्यकाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे बहुतेक लेखक शस्त्राचा, औषधाचा आणि तें ज्यानें प्रथम वापरलें त्या वैद्याचा इतिहास सांगतात. रोगी टेबलावरून उतरला, कीं ग्रंथांतलें प्रकरण संपतें. रोग्याचें प्रकरण मात्र तेथेंच सुरू होतें. शस्त्रक्रिया घटकाभराची; तिच्यानंतरचे दिवस पुष्कळ. त्या दिवसांसाठीं मराठींत फार नेमके शब्द आहेत : उतार पडणें, दुखण्यांतून उठणें, पथ्यपाणी, हवापालट. ह्या दुर्लक्षित प्रकरणाविषयीं आज बोलावयाचें आहे. आणि त्यासाठीं उदाहरण घेतों तें अगदीं लहान, हल्लीं घरोघरीं ऐकूं येणाऱ्या उपचाराचें, म्हणजे ज्याला सारे ‘रूट कॅनाल’ म्हणतात त्या दांताच्या मुळाच्या उपचाराचें. परंतु आरंभ दवाखान्यांत न करतां जुहूच्या किनाऱ्यावर करूं. कारण दुखण्यांतून उठण्याचे दोन सुप्रसिद्ध प्रसंग त्याच किनाऱ्यावर, एकाच रोग्याच्या बाबतींत, वीस वर्षांच्या अंतरानें घडले. आणि त्यांतून जें शिकावयाचें तें लहान उपचारालाही तितकेंच लागू पडतें.

१९२४ च्या जानेवारींत महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगांत सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. त्यांच्या पोटांत तीव्र वेदना सुरू झाल्या, आंत्रपुच्छाचा दाह असल्याचें निदान झालें आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननें शस्त्रक्रिया केली. तत्पूर्वी श्रीनिवास शास्त्री यांच्या समक्ष महात्माजींनीं संमतिपत्रावर सही केली. कैदेंतील या रोग्याचें कांहीं बरेंवाईट झालें तर देशांत काय उसळेल, याची जाणीव त्या खोलींतील सर्वांनाच होती. शस्त्रक्रिया चालू असतां वादळामुळें विजेचे दिवे गेले आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. एवढें नाट्य अनेकांस ठाऊक असतें. पुढची हकीकत मात्र फारसें कोणी सांगत नाहीं.

पुढची हकीकत अशी, कीं शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी जखमेच्या जागीं पू झाला आणि प्रकृति फार सावकाश सुधारूं लागली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत सरकारनें महात्माजींना बिनशर्त मुक्त केलें. तथापि त्यानंतरही महिनाभर ते रुग्णालयांतच राहिले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत ते जुहूस आले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे एक संस्थापक नरोत्तम मोरारजी यांच्या समुद्रकांठच्या बंगल्यांत उतरले. त्या काळचें जुहू म्हणजे साष्टी बेटाच्या पश्चिमेची वाळू, माडांच्या रांगा, कोळ्यांची घरें आणि मधून मधून धनिकांचे बंगले. टपालाचा पत्ता अंधेरीचा. मुंबईच्या डॉक्टरांना बोलावतां येईल इतकें तें जवळ, आणि शहराच्या गलबल्यापासून सुटका होईल इतकें दूर. मराठी माणसाला ही योजना परिचयाचीच होती. ज्यांना परवडे त्यांनीं दुखण्यांतून उठल्यावर माथेरान, पांचगणी किंवा देवळाली गांठावी; इतरांनीं कोंकणांतलें किंवा देशावरचें आपलें गांव गांठावें. हवापालटाचा गुण हवेंत जितका असे, तितकाच तो कामापासून दूर जाण्यांत असे.

परंतु कामच पाठलाग करीत आलें तर काय करावें? जुहूस दर्शनार्थ्यांची रीघ लागली. आपली शक्ति भरून येण्यास अवकाश द्यावा आणि भेटींचा मोह आवरावा, असें आवाहन महात्माजींना वर्तमानपत्रांतून करावें लागलें. आश्रमांतील कांहीं आजारी माणसेंही विश्रांतीसाठीं तेथेंच आलीं, तेव्हां त्यांच्या पथ्याची काळजीही ह्याच रोग्यानें आपल्याकडे घेतली. ३ एप्रिलला त्यांनीं ‘यंग इंडिया’चें आणि ६ एप्रिलला ‘नवजीवन’चें संपादन पुन्हां हातीं घेतलें. कायदेमंडळांत जावें कीं न जावें या वादावर पंडित मोतीलाल नेहरू आणि देशबंधु दास यांच्याशीं त्याच किनाऱ्यावर वाटाघाटी झाल्या, आणि मेच्या २२ तारखेस मतभेद उघड करणारीं निवेदनें प्रसिद्ध झालीं. मे संपतां संपतां महात्माजी साबरमतीस परतले. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकांत जुहूचा जो उल्लेख येतो तो राजकीय खलबतांचें स्थळ म्हणून. तें एका अशक्त रोग्याचें विश्रांतिस्थान होतें, ही गोष्ट तळटीपेलाही क्वचितच येते.

आतां दुसरा प्रसंग पाहा. १९४४ च्या २२ फेब्रुवारीस पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत, स्थानबद्धतेंतच, कस्तूरबांचें देहावसान झालें. पुढें महात्माजींना हिंवतापानें गांठलें आणि प्रकृति ढासळल्यामुळें सरकारनें ६ मे रोजीं त्यांना मुक्त केलें. ११ मे रोजीं ते पुन्हां जुहूस आले. यजमान तेंच मोरारजी घराणें. आतां नरोत्तमदासांचे चिरंजीव शांतिकुमार. या वेळीं मात्र रोग्यानें निराळी रीत धरली. आल्यानंतर थोडक्याच दिवसांत त्यांनीं पंधरा दिवसांचें मौन घेतलें. तपासणींत अंकुशकृमींचा आणि आमांशाच्या जंतूंचा उपद्रव आढळला. म्हणजे ताप उतरला म्हणून दुखणें संपलें नव्हतें. ह्याच मुक्कामांत त्यांनीं विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा बोलपट पाहिला. जूनच्या मध्यापर्यंत ते जुहूस होते. तेथून पुणें आणि जुलैंत पांचगणी, असा तो हवापालट लांबला.

दोन्ही प्रसंगीं किनारा एक, घराणें एक, रोगी एक. पहिल्या खेपेस विसावा इतरांच्या चांगुलपणावर सोपविला होता. दुसऱ्या खेपेस मौनाचें कुंपण घालून तो राखला गेला. विश्रांति म्हणजे काम नसलेला रिकामा वेळ नव्हे; ती मुद्दाम नेमून, कुंपण घालून राखावी लागते. वेदना थांबणें आणि बरें होणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंच्या मधला काळ सर्वस्वीं रोग्याच्या व त्याच्या घरच्यांच्या हातीं असतो. माझें आजचें सांगणें एवढेंच आहे.

आतां एवढ्या मोठ्या दुखण्यावरून एका दाढेकडे वळणें कोणास विसंगत वाटेल. परंतु वेदना थांबविण्याच्या विद्येचा आणि दंतवैद्यकाचा संबंध फार जवळचा आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टनच्या रुग्णालयांत ईथर हुंगवून शस्त्रक्रिया करतां येते हें ज्यानें जगाला दाखविलें तो विल्यम मॉर्टन दंतवैद्य होता. त्याच्या आधीं, १८४४ मध्यें, नायट्रस ऑक्साइड वायूचा प्रयोग करणारा होरेस वेल्स हाही दंतवैद्यच. दांत उपटून घेण्याची भीति इतकी जबर होती, कीं तीवर उपाय शोधण्याची निकड दंतवैद्यांना सर्वांआधीं भासली, यांत नवल नाहीं. १८८४ त व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेननें डोळा बधिर करून दाखविला. विसाव्या शतकाच्या आरंभीं नोव्होकेन आलें. आणि १९४३ त स्वीडनच्या नील्स लॉफग्रेननें लिडोकेन सिद्ध केलें. आज दंतवैद्याच्या खुर्चींत बसल्यावर हिरडीशीं जी सुई टोंचली जाते, तींत बहुधा हेंच लिडोकेन किंवा त्याचें एखादें भावंड असतें.

दांत न उपटतां वांचविण्याची कला हिच्या बरोबरीनें, पण अडखळत वाढली. पॅरिसचा पिएर फोशार्ड यानें १७२८ त दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. किडलेल्या दांताच्या पोकळींत लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलाचा बोळा ठेवण्याचा त्याचा उपाय आपल्या आजीबाईच्या बटव्याशीं जुळतो. १८३८ त अमेरिकेंत एडवर्ड मेनार्ड यानें घड्याळाची स्प्रिंग घासून दांताच्या मुळांतील नस काढण्याची बारीक सुई बनविली. १८६४ त सॅनफोर्ड बार्नम यानें उपचाराचा दांत लाळेपासून अलग ठेवणारा रबराचा पडदा आणला, आणि १८६७ त बोमन यानें साफ केलेली नळी गटापर्चानें भरली. गटापर्चा म्हणजे मलायांतील एका झाडाचा चीक. आजही मुळांत भरतात तो त्याच जातीचा पदार्थ. १८९५ त राँटजेननें क्ष-किरण शोधल्यावर हाडांत दडलेलें मूळ प्रत्यक्ष दिसूं लागलें.

एवढी तयारी झाल्यावर ही कला झपाट्यानें पसरावयाची. पण झालें उलटें. १९१० त विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यानें माँट्रियल येथें एक व्याख्यान दिलें. संधिवातापासून पंडुरोगापर्यंत अनेक व्याधींचें मूळ दांतांतील पुवांत आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. परिणाम असा झाला, कीं पुढें दोन-तीन दशकें, विशेषतः इंग्लंड-अमेरिकेंत, वांचवितां येण्यासारखे असंख्य दांत संशयावरून उपटले गेले. पुढील संशोधनांत हें मत त्या स्वरूपांत टिकलें नाहीं. आपल्याकडे तर दंतवैद्यकाचें शास्त्रशुद्ध शिक्षणच नवें होतें. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० त कलकत्त्यास देशांतलें पहिलें दंत-महाविद्यालय काढलें; मुंबईस नायर रुग्णालयाचें दंत-महाविद्यालय निघालें तें १९३३ त; आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला १९४८ त. म्हणजे महात्माजी प्रथम जुहूस राहिले, त्या काळीं मुंबईच्या सामान्य गृहस्थाची दाढ ठणकूं लागली तर ती उपटून घेणें हाच बहुधा शेवटचा उपाय. स्वतः महात्माजींनाही पुढें कवळी आली, आणि ती ते जेवणापुरतीच लावीत.

आज त्याच जुहूंत चित्र अगदीं पालटलें आहे. माडांच्या जागीं इमारती उभ्या आहेत, आणि दंतवैद्यांचे दवाखाने गल्लोगल्लीं आहेत. मनुष्य सकाळीं खुर्चींत बसतो. दाढ बधिर होते. मुळांतील कुजलेला गाभा काढून, नळी धुवून भरली जाते. आणि तास-दीड तासानें तो रिक्षांत बसून कामावर जातो. कधीं हें काम दोन-तीन खेपांत होतें. मॉर्टनपासून लॉफग्रेनपर्यंतच्या शंभर वर्षांच्या परिश्रमांचें हें फळ आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावें तितकें थोडें. पण संकट उपजतें तें येथेंच. पूर्वी वेदना रोग्याला अंथरुणाशीं बांधून ठेवी. आतां वेदनाच नाहीं, तेव्हां आपण रोगी आहों हेंच तो विसरतो. ओठ बधिर असतांना ऊन चहा घेतो आणि तोंड भाजून घेतो. गाल दांतांखालीं आला तरी त्याला कळत नाहीं. आणि दाढ दुखत नाहीं म्हणून आठवड्याच्या आंत तिनें सुपारी फोडावयास निघतो.

दाढ दुखत नसली तरी ती बरी झालेली असते काय? पुष्कळजण विचारतात, कीं नस काढून टाकली, मग चावतांना ठणका कां लागतो? त्याचें उत्तर असें. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवतीं तंतूंचा एक नाजुक थर असतो आणि त्यांत तो धरलेला असतो. आंतील नस गेली तरी हा थर जिवंत असतो. पूर्वीच्या जंतुसंसर्गानें आणि उपचाराच्या हाताळणीनें तो सुजलेला असतो, म्हणून दाब पडतांच दुखतो. ही सूज उतरण्यास दोन-चार दिवस, क्वचित् आठवडाही लागतो. शिवाय आंतून पोखरलेली दाढ भरली असली, तरी तिच्या भिंती कमजोर झालेल्या असतात. वरचें भरण पुष्कळदां तात्पुरतें असतें. पक्कें भरण आणि कॅप बसेपर्यंत तिच्यावर कठीण पदार्थ चावला, तर दाढ उभी चिरते, आणि चिरलेली दाढ मग कोणी वांचवूं शकत नाहीं. उपचार उत्तम झाला, वेदना गेली, आणि दांत मात्र गमावला : ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

ह्या बाबतींत आपल्या प्राचीनांची दृष्टि पाहण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेंत चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत मुखरोगांचे उपचार दिले आहेत. त्यांत छेद, डाग, दांत काढणें असे उग्र उपायही आहेत. परंतु त्याच अध्यायांत दांतांच्या रोग्यानें काय टाळावें याची लहानशी यादी येते : आंबट फळें, थंड पाणी, रूक्ष अन्न, दंतधावन आणि अति कठीण पदार्थ. शस्त्र हातीं घेणाऱ्या ग्रंथकारानें शस्त्र खालीं ठेवल्यानंतरच्या दिवसांचाही विचार केला होता. आजचा दंतवैद्य ह्यांतील एकच कलम बदलील. सुश्रुताचें दंतधावन म्हणजे झाडाची काडी चावून घासणें. आजच्या मऊ ब्रशानें उपचाराचा दांतही हलक्या हातानें घासलाच पाहिजे, कारण सांचलेला मळ पुन्हां जंतूंना आमंत्रण देतो. बाकीचें पथ्य पुष्कळसें जसेंच्या तसें उभें आहे.

तेव्हां आजच्या घरांत हें पथ्य कसें पाळावें? उपचाराच्या दिवशीं बधिरता उतरेपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार तास, कांहीं चावूं नये आणि कढत कांहीं पिऊं नये. वेदनाशामक गोळी दंतवैद्यानें सांगितली असेल तीच, सांगितल्या वेळीं घ्यावी. बधिरता पुरती उतरण्याच्या आधीं ती घेतली, तर ठणक्याची पहिली लाट सौम्य होते. पोटाचा व्रण, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास हें आधींच सांगावें, कारण प्रत्येक गोळी प्रत्येकास चालत नाहीं. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशीं दाबून ठेवण्याची खोड घातक आहे. तिनें हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाचा मान मोठा, पण तें तसेंच लावलें तर तेंही चरचरतें. आणि नस काढलेल्या दांताला त्याची गरजही उरलेली नसते. गालावरून थंड पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटें ठेवावी. रात्रीं उशी थोडी उंच घ्यावी. कोमट पाण्यांत मीठ घालून हलक्या गुळण्या कराव्या. तंबाखू, विडी आणि मद्य त्या दिवसांत दूर ठेवावीं.

अन्नाच्या बाबतींत मराठी स्वयंपाकघराला कोणी शिकवावयास नको. मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, साबुदाण्याची खीर, ताकभात, शिजवून कुसकरलेला दुध्या : दुखणाइताचें हें अन्न आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. तें कोमट असावें आणि दुसऱ्या बाजूनें चावावें. फक्त चिक्की, फुटाणे, कडक भाकरी आणि ऊंस यांना कॅप बसेपर्यंत रजा द्यावी. आणि कॅपची तारीख चुकवूं नये. वेदना नाहीं हें ती पुढें ढकलण्याचें कारण नव्हे.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ठणका दिवसेंदिवस कमी होत गेला पाहिजे. तीन दिवसांनंतर तो वाढूंच लागला, दांत मिटतांना तोच दांत आधीं लागतो असें वाटलें, किंवा भरण निघून आलें, तर दंतवैद्याकडे परत जावें. पुष्कळदां भरणाची थोडी उंची घासली, कीं काम भागतें. पण गालावरची सूज डोळ्याकडे अगर गळ्याकडे पसरूं लागली, ताप आला, तोंड उघडेनासें झालें, गिळण्यास वा श्वास घेण्यास कष्ट पडूं लागले, तर उजाडण्याची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. तें दुखणें घरच्या पथ्याच्या पलीकडचें असतें.

शेवटीं एक गोष्ट घरच्या मंडळींसाठीं. १९२४ त जुहूस जे लोक दर्शनास आले, त्यांत कोणाचाही हेतु वाईट नव्हता. प्रेमानेंच ते आले, आणि प्रेमानेंच त्यांनीं रोग्याचा विसावा हिरावला. आपल्या घरांतही हेंच होतें. ‘दांतच तर होता’, असें म्हणून दुपारीं त्याच माणसाच्या हातीं बाजाराची पिशवी दिली जाते. किंवा समाचारास आलेले आप्त त्याला तासभर बोलावयास लावतात. दाढेच्या रोग्याला पंधरा दिवसांचें मौन नको आणि समुद्रकांठचा बंगलाही नको. त्याला एक संध्याकाळ पुरते. पण ती संध्याकाळ त्याची असली पाहिजे, आणि ती त्याला मागावी न लागतां मिळाली पाहिजे. वेदना थांबविणें हें आतां शास्त्राला साधलें आहे. तिच्यानंतरचा विसावा देणें हें अजून घराचेंच काम आहे.